शेऱ्याचा रकाना

या घरात साधी बादलीसुद्धा तीन दुकानांचे भाव काढल्याशिवाय आलेली नाही. खोटं वाटत असेल तर मोरीतल्या निळ्या बादलीला विचारा. जुनी फुटली तेव्हा घरातली बाई पंधरा दिवस पातेल्यात पाणी काढून अंघोळ करत होती, कारण तिसऱ्या दुकानाचा मालक गावाला गेला होता आणि त्याचा भाव आल्याशिवाय तक्ता पुरा होत नव्हता.

नवरा खरेदी खात्यातला. चौतीस वर्षं हेच केलं. तीन भाव मागवायचे, तक्ता आखायचा, सगळ्यात कमी भावाला मंजुरी द्यायची. कमी भाव सोडून वरचा घ्यायचा असेल तर शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा, का घेतला त्याचं कारण. तो शेरा लिहायची वेळ या माणसाने चौतीस वर्षांत स्वतःवर येऊ दिली नाही. निरोपाच्या समारंभात साहेबांनी भाषणात नेमकं तेच सांगितलं, टाळ्या पडल्या, आणि गृहस्थ मान खाली घालून लाजला.

तिने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यातला एक तक्ता तिला पाठ होता.

सहा वर्षांपूर्वी मुलाने मित्राबरोबर खुर्च्या बनवायचा धंदा काढला होता. माल चांगला होता, ती स्वतः बसून आली होती. बापाच्या ऑफिसात दोनशे खुर्च्या हव्या होत्या, मुलाने भाव भरला, आणि त्याचा भाव खालून दुसरा लागला. फरक म्हणाल तर अगदी चिमूटभर. पहिल्या भावाला मंजुरी मिळाली. त्या स्वस्त खुर्च्या वर्षाच्या आत कुरकुरायला लागल्या ही गोष्ट वेगळी, पण तोवर धंदा बसला होता आणि मुलगाही घर सोडून गेला होता. जाताना तो दारात उभा राहून एवढंच म्हणाला होता, "बाबा, एक शेरा लिहिला असतात तर काय बिघडलं असतं?" बाबा म्हणाले, नियम तो नियम. चूक कोणाची, हे तिला आजही सांगता आलं नसतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि असल्या दोन बरोबर माणसांच्या मध्ये जी बाई सापडते तिचे हाल कुत्रा खात नाही.

तेव्हापासून घरात मुलाचं नाव निघालं नाही. अळीमिळी गुपचिळी. त्याची खोली झाडली जायची, चादर बदलली जायची, आणि ते कोण करतं, कशासाठी करतं, हे कोणी कोणाला विचारायचं नाही.

राहिलं होतं ते एकच. मुलगा शिकायला बाहेर होता तेव्हा घरात मिस्ड कॉलची पद्धत ठरली होती, म्हणजे फोन न उचलताच निरोप पोचायचा. एक घंटी म्हणजे मला फोन कर. दोन घंट्या म्हणजे सुखरूप आहे, उचलू नको. तीन म्हणजे काहीतरी अडलंय, उचल. तो घर सोडून गेल्यावर चार महिन्यांनी एका दुपारी ती मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती आणि खणातला फोन वाजला. नंबर दिसत नव्हता. दोन घंट्या, आणि बंद. तिने अभ्रा तोंडात कोंबला आणि पोटभर रडून घेतलं.

मग महिना-दीड महिन्याने, कधी दोन महिन्यांनी, त्या दोन घंट्या येत राहिल्या. एकदाच तिला राहवलं नाही. पहिल्याच घंटीला झडप घालून तिने फोन उचलला, "बाळा" म्हणाली, आणि पलीकडून फोन बंद झाला. त्यानंतर पाच महिने काही आलं नाही. ते पाच महिने तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. पुन्हा तिने ती चूक केली नाही. फोन वाजला की ती हात मांडीखाली घालून बसायची आणि मोजायची. आणि नवरा? तो नेमका तेव्हाच उठून कुंड्यांना पाणी घालायला जायचा. तिला वाटायचं, बरं झालं, याला काही कळलं नाही.

आता परदेशातल्या मुलीचं बाळंतपण आलं. दोघांनी दीड महिना तिकडे जायचं ठरलं, तिकिटं आली, कागदपत्रं झाली. मुलीने फोनवर सहज सांगितलं की आई, तुमचे इथले फोन बंद ठेवा, उतरलात की मी तिकडचं सिम देते, सगळ्यात स्वस्त पडतं. नवऱ्याने लगेच वहीत टिपून घेतलं. तिच्या काळजात मात्र धस्स झालं.

दीड महिना फोन बंद! तेवढ्यात त्याने घंटी दिली तर? नंबर बंद आहे असं ऐकून तो काय समजेल? आईने दोर कापला असं समजेल, नाहीतर आई गेली असं समजेल. सहा वर्षं एवढ्याशा धाग्यावर ती त्याला धरून होती, आणि तिच्याकडे उलट फोन करायला नंबरही नव्हता. मुलगी म्हणाली, मग फोन शेजारच्या काकूंकडे ठेव. ठेवते की! शेजारीण वाजणारा फोन न उचलता राहील? काय बिशाद! ती उचलणार, आणि वर त्याला नाव-गाव विचारणार.

शेवटी भाजी आणायला म्हणून ती निघाली आणि फोनच्या दुकानात जाऊन बसली. काउंटरवरच्या चष्मेवाल्या मुलीने तिच्यासमोर रोमिंगचे पाच प्लॅन मांडले. यात इंटरनेट भरपूर, पण बोलणं नाही. हा रोजच्या रोज चालू होणारा. हा दहा दिवसांचा, यात येणारे फोन मोजून साठ मिनिटं. हा अख्ख्या महिन्याचा, पण फक्त मेसेजपुरता.

"काकू, तुम्हाला जास्त काय लागतं? व्हिडिओ कॉल? नकाशा?"

"मला घंटी लागते," ती म्हणाली.

चष्मेवालीने चेष्टा न करता पाचवा कागद पुढे सरकवला. दीड महिना, येणारे सगळे फोन मोफत, नंबर जसाच्या तसा चालू. भाव बघून तिचे डोळे पांढरे झाले. पाचांत सगळ्यात महाग तोच. चष्मेवाली म्हणाली, एक गोष्ट आधीच सांगते, तुम्ही तिकडे असलात की फोन करणाऱ्याला घंटी तिकडची ऐकू येते. आपल्यासारखी नाही, लांबलचक, वेगळीच. काही लोक चुकीचा नंबर लागला समजून ठेवून देतात.

झालं! म्हणजे पैसे मोजूनही पोरगं चुकीचा नंबर समजायचं ते समजणारच. तरी तिने पाचही कागद पिशवीत घातले, घरी आणले आणि नवऱ्याच्या टेबलावर ठेवले. एवढंच म्हणाली, "हेही बघून घ्या." कशासाठी, ते सांगायला तिची जीभ रेटली नाही. सांगायचं म्हणजे नाव घ्यावं लागलं असतं.

मग काय, स्वारी खूश. फूटपट्टी निघाली, लाल पेन निघालं. आणखी दोन कंपन्यांचे कागद आणले गेले, सहा जणांना फोन झाले, मुलीकडचं सिमही तक्त्यात चढलं. रोज जेवताना तिला ऐकवलं जायचं की इंटरनेट अमुक इतकं स्वस्त पडतंय, मुलीकडचं सिम तर सगळ्यांत खाली, आपल्याला कोणाशी बोलायचंय म्हणा तिथे बसून? ती मान हलवायची. मनातल्या मनात म्हणायची, बोलायचं कुठे आहे, मला फक्त ऐकायचंय. आठवडाभर तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि हे महाशय रकाने आखत होते.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तक्ता खिशात घालून ते दुकानात गेले आणि तासाभराने परत आले. "झालं काम," म्हणाले. तिने कुठला घेतला ते विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? चौतीस वर्षांत जो घेतला तोच घेतला असणार, सगळ्यात खालचा. तिने फोन चार्जरला लावला आणि उगाच हातात धरून बसली. त्याला कसं कळवू, कुठे कळवू, एवढं एकच डोक्यात होतं. मुलाच्या खोलीची चादर तिने त्या दिवशी दोनदा बदलली.

विमान उतरायच्या आधी फॉर्म भरायला दिले. नवरा तोंड उघडं टाकून झोपला होता, म्हणून तिनेच त्याची फाइल काढली. पासपोर्टच्या मागे तो तक्ता घडी करून ठेवलेला होता. सहज उघडला. कंपनी, दिवस, इंटरनेट, बोलणं, येणारे फोन, दर. सगळं ताठ अक्षरात, खाडाखोड नाही. मुलीकडचं सिम सर्वांत स्वस्त म्हणून त्याच्याखाली लाल रेघ होती. पण मंजुरीची खूण त्या ओळीवर नव्हती. ती तळाशी होती, सगळ्यात महागड्या प्लॅनवर. आणि शेवटच्या रकान्यात, जो या माणसाने जन्मात भरला नव्हता, तिथे लिहिलं होतं:

मुलाचा फोन येतो.

तिने ते तीनदा वाचलं. मग शेजारी पाहिलं. इतक्या वर्षांत कुंड्यांतली निम्मी झाडं जास्त पाण्याने का कुजली, ते तिला आज कळलं. हा माणूस तिथे उभा राहून घंट्या मोजत होता. तिने तक्ता होता तसा ठेवला आणि फॉर्मवर नवऱ्याचा व्यवसाय लिहिताना तिने एवढी खाडाखोड केली की हवाईसुंदरीकडे दुसरा फॉर्म मागावा लागला.

मुलीला मुलगा झाला. घरात दुपटी, बाटल्या आणि जागरणं सुरू झाली. कामाला तोटा नव्हता, पण तिचा एक कान सतत खिडकीतल्या फोनकडे असायचा. एक आठवडा गेला, दुसरा गेला, चौथाही गेला. बाळाचं तोंड बघावं तर ते हुबेहूब मामावर गेलेलं. तीच जिवणी, झोपेत तीच कपाळाला आठी. त्याला मांडीवर घेतलं की तिला आपला मुलगा एवढासा असल्याचं आठवायचं, आणि मग तो आता कुठे असेल, जेवला असेल का, त्याला ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवतं, हेच विचार येत राहायचे. नवरा रोज सकाळी उठला की आधी फोन चार्ज आहे ना ते बघायचा.

परतीला पाच दिवस उरले होते. सकाळची वेळ, मुलगी अंघोळीला गेलेली, नवरा खिडकीपाशी नातवाला छातीशी घेऊन उन्हात उभा होता, ती दुपट्यांच्या घड्या करत होती. फोन वाजला. नंबर दिसत नव्हता.

एक. तिने हातातलं दुपटं घट्ट धरलं. दोन. आता बंद होईल, तिने मनाशी म्हटलं, सुखरूप आहे, एवढं पुरे. तिने डोळे मिटून घेतले.

फोन बंद झाला नाही. तिसरी घंटी वाजली.

ती जागच्या जागी खिळली. मागच्या वेळी उचलला आणि पाच महिने गेले, ते तिला आठवलं, आणि हात पुढे होईना.

"उचल," नवरा मागून म्हणाला. "तीन झाल्या."

तिने उचलला. कानाला लावला. पलीकडे कोणीतरी जोरजोराने श्वास घेत होतं.

"आई? आई, घंटी वेगळीच वाजतेय. कुठे आहेस तू?"

सहा वर्षं हाच प्रश्न तिच्या घशात अडकून पडला होता, आणि आज तो त्याने तिला विचारला. आवाज जाड झाला होता, पण घाबरला की शेवटी चिरकायचा तसाच चिरकला. ती कशीबशी म्हणाली, "आहे रे, बरी आहे. ताईकडे आलोय आम्ही. तू मामा झालास."

आता ठेवणार, तिला वाटलं. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "बाबा?"

तिने फोन नवऱ्यापुढे धरला. त्याने बाळाला एका हातावर नीट तोललं, दुसऱ्या हाताने फोन घेतला, आणि ऑफिसात साहेबांचा फोन आला की खाकरायचा तसा दोनदा खाकरला. डोळे गळत होते, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"बोल," तो म्हणाला. "कितीही वेळ बोल. येणारा फोन फुकट आहे. बघूनच घेतलाय प्लॅन."