मक्वालाच्या जखमेतून

"आधी पू, मग कुपी. मी येईपर्यंत कुपीला हात लावायचा नाही, कळलं?"

त्सिउरीमावशी जिन्यात उभी राहून हे म्हणाली तेव्हा तिच्या हातात बटाट्यांची पिशवी होती आणि मी "हो मावशी, हो हो" म्हणत दार लोटत होते. आत नुकी किंचाळत होती. नुकी माझी मुलगी, पाच वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी अंगणातल्या झोक्यावरून पडली आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. इस्पितळाने सळई घातली, टाके घातले, दहा दिवस ठेवून घेतलं. शेवटी जखम जराशी लाल दिसली म्हणून तपासणीला द्रव घेतला, गोळ्या लिहून दिल्या आणि घरी पाठवलं. आता त्या टाक्यांमधून हिरवट पू येत होता. त्याला द्राक्षं नासल्यासारखा गोडसर वास होता.

मावशी आमच्या खालच्या मजल्यावर राहते. नदीकाठच्या जुन्या प्रयोगशाळेत ती पंचेचाळीस वर्षं फाज वाढवते आहे. फाज म्हणजे जंतूंना खाणारे, जंतूंहूनही बारीक जीव. आमच्या तिबिलिसी शहरात ज्या घरात फ्रिज आहे त्या घरात फ्रिजच्या दारात, आलुबुखाराच्या चटणीशेजारी, फाजच्या कुप्या असतातच. पोट बिघडलं, फोड कुपी. घसा धरला, फोड कुपी. माझ्या सासूबाई, लमाराआई, तर शेजाऱ्यांना साखर दिल्यासारख्या कुप्या वाटतात.

पण या तयार कुप्या सगळ्यांसाठी केलेल्या. नेहमीच्या चार जंतूंना पुरतात, हट्टी जंतूला पुरत नाहीत. त्याच्यासाठी मावशीची माणसं रोग्याचाच पू घेतात, त्यातला जंतू ताटलीत वाढवतात आणि त्यावर साठ प्रकारच्या फाजचे साठ थेंब टाकतात. ज्या थेंबाखाली दुसऱ्या दिवशी स्वच्छ भोक पडतं, तो त्या जंतूचा वैरी. तो वाढवायचा, तो द्यायचा. साठातला एकही चालला नाही, तर नदीतून, गटारातून नवा शोधून आणायचा. हे मला चांगलं माहीत होतं. मी रसायनशास्त्राची पदवी घेतली आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटते.

कारण त्या शनिवारी संध्याकाळी कुपी मीच फोडली. लमाराआई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत काय लेकरू असंच रडू द्यायचं? तुझ्या मावशीला दोन दिवस सुट्टी, जंतूला आहे का?" मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी त्यांच्या हातून कुपी घेतली, टोक मोडलं आणि जखमेवर ओतली. मग दुसरी. रविवारी पू थांबला. सोमवारी सकाळी मावशी पू टिपायची काडी घेऊन आली तेव्हा मी अभिमानाने म्हणाले, "बघा, सुकलीसुद्धा!"

मावशीने जखमेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती फोडल्यास?"

"दोन."

"कॉलेजात काय शिकवलं गं तुला? केस विंचरायला?"

त्या काडीवरून ताटलीत काहीच उगवलं नाही. जे जंतू वर होते ते मेले, मावशी म्हणाली, आणि जे हाडात आहेत त्यांना आता कुणी हात लावू शकत नाही. ते वर येतीलच, पण स्वतःच्या वेळेने.

आठ दिवसांत ताप चढला. क्ष-किरणात हाड कुरतडलेलं दिसलं. इस्पितळाने पुन्हा दाखल करून घेतलं, या जंतूवर अजून चालणाऱ्या दोनच औषधांतलं एक दिलं, त्याने लघवीतून रक्त आलं. ते बंद केलं. मग शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर रेवाझ मला खोलीबाहेर घेऊन म्हणाले, "चौदा तारखेला उघडतो. सडलेला तुकडा काढावा लागेल. चार सेंटिमीटर, कदाचित पाच. पाय आखूड राहील, पण पाय राहील."

चौदा तारखेला बारा दिवस होते.

जखम वरून अजून कोरडीच होती, घ्यायला पू नव्हता. मी मावशीला फोन केला. ती म्हणाली, "पहिल्या खेपेला त्यांनीच द्रव घेतला होता ना? तुझ्या कुप्यांच्या आधी? त्यात जंतू उगवला होता?"

उगवला होता. अहवाल माझ्याकडे होता. सतरा औषधांची नावं, पंधरांपुढे एकच शब्द: निष्प्रभ.

"मग ती ताटली माग. जिवंत जंतू हवा. कागद नको मला, कागद काय मी ताटलीत पेरू?"

मी तळमजल्यावरच्या तपासणीखोलीत गेले. तिथे त्यांनी मला डॉक्टर रेवाझकडे पाठवलं, रेवाझनी पुन्हा खाली. तिसऱ्या फेरीला मी जिन्यातच त्यांची वाट अडवली.

"बाई, जंतू काय आम्ही लोणच्यासारखे बरण्यांत घालून ठेवायचे?" ते म्हणाले.

"पंधरा औषधांना न मरणारा? होय. ठेवायचा."

"सात दिवसांनी ताटल्या वाफेत जातात. नियम आहे."

"माझी मुलगी तुमच्या नियमापेक्षा जास्त दिवस आजारी आहे."

"हे बघा, तुम्ही थकला आहात. जंतू बाहेरून आलेला आहे. झोक्याखालची माती, उघडं हाड…"

"मातीतल्या जंतूला तुमची पंधरा औषधं कशी ओळखीची? तो काय झोक्याखाली बसून तुमची औषधं खात होता?"

जिन्यातली माणसं थांबून ऐकत होती. एक परिचारिका खाली मान घालून हसली. डॉक्टर रेवाझचा चेहरा लाल झाला आणि ते म्हणाले, "आमच्या विभागात असा दुसरा एकही रुग्ण नाही."

हे ते बोलले नसते तर मला आठवलं नसतं.

दुसरा रुग्ण होता. नुकीच्या शेजारच्या खाटेवर मक्वाला नावाची मुलगी होती, बारा वर्षांची, घोटा मोडलेली. नुकीच्या आधी त्याच टेबलावर, त्याच सकाळी तिला घेतलं होतं. मी सगळं पाहत बसायचे. दहा दिवस मला दुसरा उद्योग नव्हता. तिची पट्टी बदलताना हिरवट डाग दिसायचा आणि तोच नासक्या द्राक्षांचा वास यायचा. मला वाटायचं तिच्या आजीने खरंच द्राक्षं आणली आहेत. आम्ही घरी जायच्या आदल्याच दिवशी तिला घाईघाईने घरी पाठवलं होतं. का, ते आता कळलं. असा दुसरा रुग्ण नाही म्हणायचं, तर आधी तो नाहीसा करावा लागतो.

आजीचं नाव झुझुना. तिचा नंबर माझ्याकडे होता, कारण तिचा फोन सारखा खाटेखाली हरवायचा आणि मी रिंग देऊन शोधून द्यायचे. मी फोन लावला.

"मक्वाला कशी आहे, झुझुनाकाकू?"

"मजेत! तुझी पीडा मला लागो, किती दिवसांनी आठवण काढलीस. ये ना, राजमा उकडलाय."

मी लमाराआईंना नुकीपाशी बसवलं. कुपी फोडली त्या दिवसापासून त्या माझ्याशी डोळे मिळवत नव्हत्या. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत चीज भरलेली भाकरी घातली. मावशीने झाकणाच्या नळ्या आणि काड्या दिल्या, बर्फाची डबी दिली. मिनीबसने अडीच तासांवर, काखेती या द्राक्षांच्या प्रांतातलं वाशलियानी गाव.

झुझुनाकाकूने आधी जेवायला बसवलं. पाहुणी उपाशी असताना तिच्याशी कामाचं बोलायचं नाही, हे आमच्याकडे कुणी मोडत नाही. मी राजमा गिळला. चिंचोळ्या खिडकीशी मक्वाला पाय उशीवर ठेवून बसली होती.

"बरी आहे जखम," आजी म्हणाली. "रोज मध लावते."

"बरी नाही," मक्वाला म्हणाली. "मोजे भिजतात. आजी ते मागच्या दोरीवर वाळत घालते, शेजाऱ्यांना दिसू नयेत म्हणून."

"गप गं!"

मी सांगितलं की मला तिच्या जखमेतला थोडा पू हवा आहे. कशासाठी, तेही सांगितलं, माझी कुपीची चूकही. आजीचा हात कपाळाला गेला. मक्वाला मात्र हसली.

"घ्या की. हवा तेवढा घ्या. पहिल्यांदाच माझ्याकडे कुणी काही मागतंय."

"एक अट," आजी म्हणाली. "माझ्या लेकीला, हिच्या आईला, कळता कामा नये. ती परदेशात, थेसालोनिकीला परक्याच्या म्हातारीची सेवा करते. तिला मी सांगितलंय, पोरगी शाळेत जाते. कळलं तर धावत येईल, मग पैसे पाठवेल कोण?"

मी कबूल केलं. मक्वालाचा मोजा काढला. घोट्याच्या आतल्या बाजूला नखाएवढं भोक होतं, आणि माझ्या हातातली काडी त्यात किती आत गेली ते मी इथे लिहीत नाही. तिने दात आवळले, पण ती रडली नाही. नळीचं झाकण लावताना मी म्हणाले, "तुझंही औषध यातूनच होईल. आठवड्याभरात मी स्वतः घेऊन येते."

"खरंच?"

"खरंच."

ताटली दोन दिवसांनी भरली. हिरवी, त्याच वासाची. साठ थेंब. दुसऱ्या सकाळी मावशीने मला खिडकीपाशी बोलावलं. अठ्ठावन्न ठिकाणी काही नाही, एका ठिकाणी धुरकट ठिपका, आणि एका ठिकाणी भोक. असं स्वच्छ की पलीकडची नदी दिसावी.

"खाल्लं बघ," मावशी म्हणाली. "अधाशासारखं खाल्लं. हा फाज तुमच्या इस्पितळाखालच्या गटारातून काढलेला आहे, तीन वर्षांपूर्वी. जिथे खायला जंतू नाही तिथे फाज नसतो. म्हणजे तीन वर्षांपूर्वीसुद्धा तो जंतू तिथे होता, आणि म्हणे माती!"

मी त्या दिवशी जितकी चिडले तितकी आयुष्यात चिडले नव्हते. तीन वर्षं. तीन वर्षांत त्या टेबलावरून किती मुलं गेली असतील? त्यांतल्या किती जणांच्या जखमांना नासक्या द्राक्षांचा वास आला असेल आणि किती आयांना "बाहेरची माती" म्हणून सांगितलं असेल?

नुकीच्या जखमेत बारीक नळी ठेवून सहा दिवस दोन वेळा फाज सोडला. डॉक्टर रेवाझनी परवानगीच्या कागदावर माझ्या तीन सह्या घेतल्या, स्वतःची एकही केली नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला. तेरा तारखेच्या क्ष-किरणात हाडाची कड कुरतडली जाणं थांबलेलं दिसलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शस्त्रक्रिया तूर्त पुढे ढकलू. औषधांचा परिणाम कधीकधी उशिरा दिसतो."

"कुठल्या औषधांचा? जी तुम्ही बंद केलीत त्यांचा?"

ते निघून गेले. नुकीने विचारलं, "आई, तू काकांना ओरडलीस?" मी म्हणाले, हो. ती म्हणाली, "अजून ओरड."

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे सगळं लिहिलं.

मक्वालाचं औषध तयार होतं. वीस कुप्या, तिच्याच जंतूच्या वैऱ्याच्या. त्याच औषधाने माझ्या मुलीचा पाय वाचवला होता, म्हणजे तिच्या जखमेने वाचवला होता. आणि मी गेले नाही. नुकीची नळी होती, प्लास्टर होतं, नवरा पोलंडात ट्रक चालवतो, लमाराआईंवर मी नुकीला पुन्हा सोडायला तयार नव्हते. कारणं चिक्कार आहेत. शेवटी आमच्याकडे सगळे करतात तेच मी केलं: खोक्यात बर्फ भरला, वर नाव लिहिलं आणि वाशलियानीच्या मिनीबसच्या ड्रायव्हरच्या हाती दिलं. इथून चीज जातं, तिकडून वाइन येते, कधी काही हरवत नाही.

मावशीला संध्याकाळी कळलं.

"ड्रायव्हरच्या हाती? ऑगस्टात? आणि कुपी जखमेत किती खोल सोडायची, ते त्या म्हातारीला ड्रायव्हर शिकवणार?"

ड्रायव्हर म्हणतो, दिलं. फाटकाशी कुणी बाई होती. म्हातारी होती का? त्याने पाहिलं नाही. झुझुनाकाकूचा फोन अकरा दिवस बंद आहे. इस्पितळात विचारलं तर तिथल्या बाईने यादी चाळून सांगितलं, या नावाची मुलगी आमच्याकडे कधी दाखल नव्हती. मी जोरात बोलले. मला बाहेर काढलं.

मक्वालाच्या आईचा थेसालोनिकीचा पत्ता माझ्याकडे नाही. असता तर मी शब्द मोडला असता.

नुकीचं प्लास्टर अजून तीन आठवडे आहे. तोवर मी हलू शकत नाही, आणि मक्वालाच्या घोट्याला तीन आठवडे आहेत की नाहीत हे मला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्यातलं कुणी काखेतीकडे जाणार असेल, द्राक्षतोडणीला, लग्नाला, कशालाही, तर वाशलियानीला उतरा. पाणपोईच्या पुढचं तिसरं निळं फाटक. आधी मागच्या दोरीकडे बघा, मोजे आहेत का. मग आत जा. आजी म्हणेल पोरगी मजेत आहे. तिचं ऐकू नका, जेवायला बसवलं तर जेवा, पण उठण्याआधी मक्वालालाच विचारा. मोजा काढून बघा. खोकं पोचलं का, उघडलं का, तेही बघा. आणि त्याच दिवशी मला कळवा, इया म्हणून विचारा, नदीकाठच्या प्रयोगशाळेत कुणीही माझं घर दाखवेल.