पुलाचं आढं

"हात लावू नका हो त्याला! माझी पेटी व्हायचीय त्याची!" बाओ आक्का अंगणातूनच ओरडली.

लाई मिस्त्रींनी हात मागे घेतला, पण नजर काही हटेना. डुकरांच्या खोपटाला टेकवलेलं ते लाकूड त्यांनी रस्त्यावरूनच ओळखलं होतं. वादळात नदी चढली आणि त्यांच्या गावचा छपराचा लाकडी पूल उचलून घेऊन गेली, त्याला एकवीस दिवस झाले होते. तेव्हापासून हा एकाहत्तर वर्षांचा माणूस काठाकाठानं गावोगाव हिंडत होता. कुणी भातखाचरातून तुळई काढून दिली, कुणी खांद्यावर वाहून आणली. पुलाचं लाकूड घरात ठेवायचं नाही, एवढी चाड त्या खोऱ्यात अजून होती. आता राहिलं होतं फक्त छपराच्या माथ्याचं आढं.

"आक्का, हे आमच्या पुलाचं आहे."

"असेल! नदीनं दारात आणून टाकलं, मी काय चोरायला गेले होते? ऐंशी सरली माझी. सगळ्या म्हाताऱ्यांच्या मरणाच्या पेट्या तयार आहेत, एक माझीच नाही. मेल्यावर चटईत गुंडाळणार का मला?"

"नवं लाकूड देतो की."

"कच्चं? वर्षात कीड लागेल त्याला. मिस्त्री ना तुम्ही?"

मिस्त्री ओशाळले. म्हातारी खरं तेच बोलत होती, आणि ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? सिमेंटचे पूल आले तशी पुलाची कामं बंद झाली. खिळ्याशिवाय नदीवर कमान विणायची विद्या हातात असून या माणसानं चाळीस वर्षं पेट्या केल्या. पण काय पेट्या! सांध्यात नख शिरेल तर शपथ. आणि एकदाही कुरकुर नाही.

त्यांनी आढं हळूच उलटं केलं. खालच्या अंगाला शाईची अक्षरं होती, पुसट, पण होती.

"काय लिहिलंय?" आक्कानं विचारलं.

"पूल बांधणाऱ्याचं नाव लिहितात. हे माझ्या वडिलांचं. पुढच्याच पुलावर पाण्यात गेले ते. सापडलेच नाहीत. पुरायलाही काही मिळालं नाही."

आक्कानं वाकून ती अक्षरं पाहिली. मग म्हणाली, "वाईट झालं हो. पण मिस्त्री, मी कशात जाऊ?"

तिसऱ्या दिवशी मिस्त्री हातगाडी घेऊन आले. गाडीवर त्यांची स्वतःची पेटी होती. बासष्टीला केलेली, दर शरदात रोगणाचा एक हात दिलेली, आरशासारखी काळीभोर. त्यांची लेक शिउलान गाडी ढकलत होती आणि वाटभर भांडत होती.

"डोकं फिरलंय बाबा तुमचं! स्वतःची पेटी कुणी देतं का?"

"करीन की दुसरी."

"आणि रोगणाचे नऊ हात? नऊ वर्षं काढणार आहात?"

"आधी पूल उभा राहू दे."

आक्कानं झाकण उघडलं, वास घेतला, सांध्यावरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले, पण तोंड कुठलं गप्प बसायला! "लांबीला जास्त आहे."

"पाय पसरून झोपा!" मिस्त्री म्हणाले, आणि तिघंही हसली.

पूल उभा राहायला दोन वर्षं लागली. आढं चढवायच्या दिवशी सारं खोरं लोटलं. वडिलांच्या नावाखाली मिस्त्रींनी आपलं नाव लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदाच.

"नीट लिहा!" बाओ आक्का गर्दीतून ओरडली. "मला वाचता येत नाही, पण वाकडं कळतं!"

त्या शरदात, पुलाच्या उरलेल्या फळ्यांची कोरी पेटी मिस्त्रींच्या पडवीत उभी राहिली. मिस्त्री रोगणाचा डबा उघडायला वाकले, तर शिउलाननं कुंचला त्यांच्या हातातून काढून घेतला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं सावकाश पहिला हात दिला.

"अजून आठ राहिले," ती मान वर न करता म्हणाली. "सगळे पुरे करायचे, बाबा. कळलं?"

"बरं," मिस्त्री म्हणाले.