सुनेचा उजवा हात

“सोडा आई, सोडा आता!” सून ओरडली आणि सासूबाईंनी तबकडीवरचं बोट उचललं. पण तोवर उशीर झाला होता. दोन मशीनवरची दोन गाणी एकमेकांच्या अंगावर पडली आणि खोलीत असा गोंधळ माजला की जिन्यावरून गडगडत येणारी भांडी परवडली.

“जमलं का?” सासूबाईंनी विचारलं.

सुनेने प्लास्टरमधला हात छातीशी धरून डोळे मिटले. “एका दारातून दोन माणसं एकदम आत घुसली ना, तसं झालं.”

“म्हणजे नाही जमलं.”

“नाही जमलं, आई.”

“मग परत लाव.”

सून दर रविवारी दुपारी चौकापलीकडच्या हॉलमध्ये गाणी वाजवायची. मोबाईलवरची नाही, जुन्या काळ्या रेकॉर्डवरची. दोन टर्नटेबलं, मधे दोन्हींचे आवाज पट्ट्या सरकवून कमी-जास्त करायचा मिक्सर, कानाला हेडफोन. एका मशीनवर गाणं चालू असताना दुसऱ्यावरचं गाणं आपल्यापुरतं एका कानात ऐकायचं, त्याचा वेग चालू गाण्याशी जुळवायचा आणि मग ते अलगद आत सोडायचं. नाचणाऱ्यांचे पाय थांबता कामा नयेत, एवढीच सगळी विद्या. हॉलमध्ये सगळ्या वयाची माणसं नाचायला यायची. आठवडाभर सून एका दवाखान्यात फोन घ्यायची, पण ती जगायची रविवारसाठी.

आणि ओल्या जिन्यावर तिचा पाय घसरला. हातातला रेकॉर्डचा खोका तिने वाचवला, मनगट मात्र मोडलं.

हॉलचा व्यवस्थापक घरी येऊन बघून गेला. भल्या माणसाने फळं आणली, चौकशी केली आणि जाताना मिशी चाचपत म्हणाला, “रविवार रिकामा नाही ना ठेवता येत. एक जण लॅपटॉप घेऊन येतो म्हणतोय. आता एकदा तो बसला, की…” पुढचं त्याने चपला घालता घालता गिळलं.

त्या संध्याकाळी सासूबाई सुनेची वेणी घालत होत्या. एका हाताने तिला ती घालता येत नव्हती. सून गप्प होती. तशा त्या दोघी एरवीही गप्पच असायच्या. मुलगा जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. मागे या दोघी चांगल्या शेजारणींसारख्या राहायच्या. “चहा टाकू का?” “टाका ना.” भांडण कधी झालं नव्हतं, कारण भांडायला आधी बोलावं लागतं.

“तुला उजवा हातच हवाय ना?” सासूबाई वेणीला रबर लावत म्हणाल्या. “मग माझा घे. रिकामाच आहे.”

सून आधी हसली. मग तिने मागे वळून बघितलं, तर सासूबाई हसत नव्हत्या.

पहिला रविवार कसाबसा पार पडला. सासूबाई टेबलामागे उभ्या, सून त्यांच्या खांद्याशी. “आता ही पट्टी वर… हळू… अहो, हळू!” ठेका दोनदा असा अडखळला की नाचणारे एकमेकांवर आपटले. टक्कल पडलेले एक आजोबा ओरडले, “सूनबाई, तुमच्या सासूबाई आज आमची हाडं मोडणार बरं का! तुमचं मनगट बघून ठेवलंय त्यांनी!” सगळे हसले. मग सुनेने जोडाजोडीचा नाद सोडला. एक गाणं संपू द्यायचं, मग दुसरं लावायचं. वेळ निभावली.

“हे काय, कोणीही करेल,” परतताना सासूबाई म्हणाल्या. नाक वर होतं, पण चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारची झोप सोडून घरातल्या टर्नटेबलांसमोर उभ्या राहू लागल्या. अर्धं आयुष्य त्यांनी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काढलं होतं. तिथे रेडिओ असायचा, पण तो मुकादमाच्या टेबलावर. घरी रेडिओचा कान पिळायचा अधिकार नवऱ्याचा. तो गेल्यावर टीव्हीचा रिमोट मुलाकडे गेला. साठी उलटलेल्या या बाईने कुठलं गाणं लावायचं हे कधी ठरवलंच नव्हतं, आणि तसं आपण ठरवलेलं नाही हेही त्यांना आत्ता, रेकॉर्डचा खोका चाळताना लक्षात आलं.

अशाच एका दुपारी, सून दवाखान्यात असताना, त्यांचा हात घसरला आणि सुई रेकॉर्डवरून आडवी गेली. संध्याकाळी सुनेने ती रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून ओरखडा बघितला. तिची सगळ्यात लाडकी होती.

“आई, हे खेळणं नाहीये!” ती म्हणाली. आवाज चढला होता. “परत मिळत नाहीत या! विचारून तरी घ्यायची!”

“तू घरी असतीस तर विचारलं असतं,” सासूबाईही फणकारल्या. “आणि मला काय हौस आहे? कोणासाठी उभी राहते मी तिथे, पाय सुजेपर्यंत?”

“कोणासाठी?”

सासूबाईंनी तोंड उघडलं. ‘तुझ्यासाठी’ म्हणणार होत्या, पण ते आता पुरतं खरं राहिलेलं नव्हतं. “जाऊ दे,” म्हणून त्या आत गेल्या.

त्या घरातलं ते पहिलं भांडण. दोघींनी आपापल्या खोलीची दारं जोरात लावली आणि नंतर बराच वेळ, आता काय करायचं असतं, ते दोघींनाही कळेना.

सकाळी सून चहा घेऊन सासूबाईंच्या पलंगाशी आली. डाव्या हाताने करून आणलेला, अर्धा बशीत सांडलेला.

“पाय दाखवा,” ती म्हणाली. “सुजलेत खरंच. उभं राहून नाही शिकायचं आज. चालून शिकायचं.”

तिने एक गाणं लावलं, हेडफोनची एक बाजू सासूबाईंच्या कानाला लावली, दुसरी मागे सरकवली. “डोळे मिटा. दोन माणसं रस्त्याने चाललीत. एक खोलीत, एक तुमच्या कानात. पुढे कोण आहे?”

सासूबाई जागच्या जागी पावलं टाकू लागल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, “कानातला. तुझ्या सासऱ्यांसारखा. ते कायम पुढे चालायचे.”

“मग तुम्ही काय करायच्या?”

“काय करणार? मागून पळायचे.”

सून हसायला लागली. “इथे पळायचं नाही, आई. इथे पुढच्याला जरा धरायचं.”

सासूबाईंनी फिरत्या तबकडीच्या कडेला बोट टेकवलं, जेमतेम, झोपलेल्या बाळाच्या गालाला लावावं तसं. कानातला माणूस जरासा मंदावला. आणखी जरासा. आणि मग एका क्षणी दोघांची पावलं एकदम पडली, पुन्हा पडली, पडतच राहिली.

“अगं!” सासूबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. “अगं, बरोबर चाललेत की!”

त्यानंतर रविवार सुधारत गेले. चुका व्हायच्या, आजोबा ओरडायचे, पण आता सासूबाई उलट उत्तर द्यायच्या, “तुमचेच पाय बघा आधी!” हॉलमध्ये त्यांचं नाव ‘डीजे सासूबाई’ पडलं. एकदा व्यवस्थापक टेबलाशी येऊन सहज म्हणाला, “तो लॅपटॉपवाला विचारत होता. सांगितलं, जागा भरलेली आहे.” मुलाने जहाजावरून फोन केला तर दोघी एकदमच बोलू लागल्या. तो म्हणाला, “एकेकीने बोला की! तुम्हाला झालंय काय?”

मग प्लास्टर निघालं. मनगट जरा आखडलेलं होतं, पण सुनेचा हात सुनेला परत मिळाला. त्या रविवारी ती आपल्या जागी उभी राहिली आणि सासूबाई पहिल्यांदाच भिंतीशी खुर्चीवर बसल्या. सुनेने एकामागून एक अशी गाणी गुंफली की हॉल डोलायला लागला. सासूबाईंना मनापासून बरं वाटलं. किती छान वाजवते ही पोर. फक्त मांडीवरच्या हातांचं काय करावं, ते त्यांना सुचेना. त्यांनी पदर सारखा केला. पुन्हा सारखा केला.

तेवढ्यात सुनेने टेबलामागून हात केला. सासूबाई लगबगीने गेल्या. “काय गं? दुखतंय का हात?”

“नाही. मला नाचायचंय.” तिने हेडफोन काढून त्यांच्या हातात दिले. “इतकी वर्षं वाजवतेय, एकदाही नाचले नाही इथे. सांभाळा तुम्ही.”

“आणि पुढचं कुठलं लावू?”

“मला काय विचारता?” असं म्हणून ती गर्दीत शिरलीसुद्धा.

चालू गाणं अर्ध्यावर आलं होतं. सासूबाईंनी खोक्यातल्या रेकॉर्ड एकेक करून पुढे पाडल्या, एकीपाशी थांबल्या, ती काढली, फडक्याने पुसली, लावली. हेडफोनचा एक कान चढवला. टेकवलं बोट. पट्टी हळूहळू वर नेली.

आजोबा ओरडले नाहीत. कोणी अडखळलं नाही, कोणी मान वर करून टेबलाकडे बघितलं नाही. एक गाणं गेलं आणि दुसरं आलं, आणि ते कधी आलं हे त्या हॉलमध्ये कोणाला कळलं नाही. सून मधोमध नाचत होती, डोळे मिटून, टेबलाकडे पाठ करून. सासूबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. ती एकदाही वळली नाही.