विडी सुटल्यावरचा चहा

घरोघरचं दूध गोळा करायच्या फेरीत सात घरी सात चहा, घरचे दोन, डेअरीवरचे दोन. मार्गासनीच्या गेनबांच्या पोटात दिवसाला अकरा कप जात. जोडीला विडीचं बंडल. तरी रात्री पाठ टेकली की गडी घोरायला लागलाच.

विडी सोडली आणि पंधरवड्यात सगळं बिघडलं. झोप उडाली, छाती धडधडू लागली, हातातलं दुधाचं माप हिंदकळू लागलं. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं. म्हणजे शरीर विडीच मागतंय, असं गेनबांनी धरलं आणि येता येता बंडल घेतलं.

पडवीत काडी ओढणार, तोच पुतणी वैष्णवीनं मनगट धरलं. ती औषधशास्त्र शिकून नुकतीच घरी आली होती.

"तात्या, नाडी एकशे दोन! चहा किती घेता?"

"पयल्यावानीच. उलट विडी सोडली म्हणून लोकं कौतुकानं कपाऐवजी पेला भरत्यात. आन् तलफ आली की चहा घ्या, हे कुनी सांगितलं?"

"मीच, फोनवर," वैष्णवीनं कपाळावर हात मारला. "चुकलं माझं. विडीच्या धुरामुळं तुमचं यकृत चहातलं कॅफीन भराभर संपवत होतं. धूर थांबला, तसा तो वेग जवळपास निम्म्यावर आला. आता तेवढाच चहा रक्तात दुप्पट साचतो."

"मंजी विडी माझा चहा जाळत व्हती? मग तंबाखू मळू का?"

"ते काम धुराचं, निकोटीनचं नव्हे. तंबाखूचं नाव काढलंत तर काकूला हाक मारीन! पाच दिवस चहा निम्म्याहून कमी करा. नाही उतरली धडधड, तर मीच काडी ओढून देते."

गेनबांनी बंडल तिच्या हातात टेकवलं. पण घरोघरी नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी पहिल्याच घरी त्यांनी पेला परत सरकवला, तशी सगुणाबाई कडाडली, "विडीसंगं आमीबी सुटलो व्हय, भावजी?"

"न्हाई वो वैनी. तुमचा च्या आत जातोय, पर पाव्हण्यावानी ठाण मांडून बसतोय. उठायचं नावच घेत न्हाई!"

सगुणाबाई खळखळून हसली. तिनं पेलाभर गरम दूध पुढं केलं. "घ्या. पर हे मापात धरायचं बरं का!"

"मीच पिऊन मीच तुमच्या खात्यावर लिहू? लई हुशार हायसा!"

हा किस्सा गेनबांच्या आधी पुढच्या घरांत पोचला. कुणी ताक दिलं, कुणी गूळपाणी. चहा दिवसाला चारावर आला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी वैष्णवीनं मनगट धरून पुरं मिनिटभर मोजलं. विडी एकही नाही. नाडी चौऱ्याहत्तर.