महेश्वरी काठाचे पाकीट

मित्रांनो, माझे कोपरे आता झिजले आहेत आणि पोटात काहीच उरलेले नाही. तरीही मी मजेत आहे. मी एक जुने कागदी पाकीट आहे. शिवणकामातून उरलेल्या सुती चिंध्यांपासून माझा कागद झाला. माझ्यात सॅनिटरी पॅड ठेवत असत. नाव ऐकून इकडेतिकडे पाहू नका; माझी सारी गोष्ट त्या नावाचीच आहे.

इंदूरच्या सुदामा नगरात उषाताई राहतात. घराच्या पुढच्या खोलीत त्या आणि शेजारच्या बायका पॅड बनवतात. पूर्वी ते प्लास्टिकच्या पिशवीत भरून देवेंद्रजींच्या दुकानात जात. उषाताईंची भाची उर्वी डिझाइन शिकून नुकतीच घरी आली होती. एकदा घरातले सगळे पॅड दुकानात गेलेले असताना आईने उर्वीच्या धाकट्या बहिणीला, इरावतीला, त्या दुकानातून पॅड आणायला पाठवले. इरावती आली ती टॉफी घेऊन.

"ताई, तिथे सगळे लडके लोक उभे होते. मी कसं बोलू? मग टॉफीच घेतली."

घरात सगळे हसले. पॅड नसल्याने इरावती मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत गेली नाही. तेव्हा उर्वीने कागद, कात्री आणि फुटपट्टी काढली.

तिने पहिले पाकीट केले ते साधे, खाकी, एकही अक्षर नसलेले. "बघ, आता कुणाला काही कळणारच नाही," ती बहिणीला म्हणाली.

इरावतीने ते उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे ही लपवायचीच चीज आहे न?"

 उर्वीने ते पाकीट बाजूला सारले. माझा तो थोरला भाऊ कुठल्याच दुकानात गेला नाही.

दुसऱ्या पाकिटावर तिने आईच्या महेश्वरी साडीचा काठ उतरवला आणि मध्ये ठसठशीत अक्षरांत 'सॅनिटरी पॅड' असे लिहिले. उषाताई हरखल्या. देवेंद्रजींनी मात्र मान हलवली. "उषाजी, दिसतं तर बढिया. पण कागद सीलन पकडतो. गोंद सुटला तर गिऱ्हाईक मलाच बोलेल."

आणि झालेही तसेच. न्हाणीघराच्या फळीवर ठेवलेल्या त्या पाकिटाचा गोंद ओल धरून सुटला. पॅड भसाभस खाली आले. उर्वी तिथेच जमिनीवर बसली आणि रिकामे पाकीट उलगडून पुन्हा दुमडू लागली. किती कागद वाया गेले, कोण जाणे. शेवटी तिला एक घडी सापडली. तळाचे दोन कान एकमेकांत असे अडकत, की वरून वजन पडले की ते अधिकच घट्ट बसत. गोंदाची गरजच उरली नाही. मित्रांनो, त्या घडीतून मी जन्मलो. ओलसर फळीवर मी कितीतरी अंघोळी पाहिल्या, पण तळ सोडला नाही. उषाताईंनी मला डोक्यावर धरून खोलीभर फेर धरला. आजही ते आठवले की माझा कागद फुलतो.

उर्वीने आतल्या प्रत्येक पॅडलाही लाल ठिपक्याचा वेगळा कागद दिला. वापरलेला पॅड त्यातच गुंडाळायचा.

मग इंदूरच्या लालबागेतला मेळा आला. आमच्या स्टॉलवर मला सगळ्यांत पुढे उभे केले होते. बायका जवळ येत, अक्षरे वाचत आणि पुढे सरकत. दुपारपर्यंत एकही पाकीट गेले नाही. उषाताई पदराने नुसता वारा घेत बसल्या. उर्वीने तर अक्षरे झाकली जातील असे मला फिरवायला हात पुढे केला.

तेवढ्यात काळी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ, अप्पासाहेब, थांबले. त्यांनी मला उचलले. "वा, काठ सुरेख आहे. चिवडा का?"

 उर्वी घाईघाईने पाकिटांची रांग सरळ करू लागली. बोलली ती इरावती. "नाही आजोबा. पॅड आहेत. पाळी आली की लागतात."

अप्पासाहेबांनी चष्मा लावून मला पुढून मागून वाचले. कान जरा लाल झाले खरे. मग म्हणाले, "चष्मा आधीच लावायला हवा होता. दोन दे बेटा. घरात दोन नाती आहेत."

"पिशवीत देऊ?"

"कशाला? काठ झाकला जाईल न."

दोन्ही पाकिटे हातात मिरवत ते निघाले. मागे थबकलेल्या बायका हसत पुढे आल्या. संध्याकाळपर्यंत स्टॉलवर मी एकटाच उरलो, कारण मी नमुना होतो. इरावती घरी जाताना सगळ्या रस्त्याने बोलत होती.

पुढे माझी भावंडे देवेंद्रजींच्या दुकानात समोरच्या फळीवर गेली. मी मात्र बरेच दिवस उषाताईंच्या मशीनखाली धूळ खात पडलो. एक कोपरा उंदराने चाखला. अलीकडे उर्वीने मला पुसून खिडकीत ठेवले आहे. इथून सकाळी कचऱ्याची गाडी दिसते. गाडीवरच्या जनाबाई लाल ठिपक्याची पुडी दिसली की ती न उघडता वेगळ्या डब्यात टाकतात आणि पुढच्या घराकडे वळतात.

मित्रांनो, तुमच्या घरातून निघणारी पुडीही अशीच नीट बांधून द्या. ती उचलणारा हात कुणाचा तरी आहे. आणि दुकानात माझ्या भावंडांना मागायचे असेल, तर आवाज खाली करू नका.