ज्ञानेश्वरीचा डावा हात

मला पळण्यात कोणी हरवलेलं न्हाई, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या ताडकळसच्या शाळेत न्हाई, पूर्णेच्या मैदानावर न्हाई, परभणीतबी न्हाई. पोरी माझ्या माघारी मला घोडी म्हणतात आन मला त्याचा राग येत न्हाई. निकिता असं नाव हाय माझं, पण घोडी चालतंय. आन मी उगाच कोणाची तारीफ करत न्हाई, म्हणून आता जे सांगायले ते खरं धरा.

आमचे रविकांत सर फुटबॉल शिकवतात, पण गडी मूळचा पळणारा. गेल्या साली नांदेडकडच्या एका संघातल्या दांडग्या पोरींनी आमाला पळवून पळवून बेजार केलं, तवापासून सरांचा एकच धोशा: आधी पाय, आधी दम, बॉल काय मागून शिकता येतो. त्यामुळं संघ निवडायचा म्हणलं की सर शिट्टी फुंकतात आन सगळ्या पोरींना मैदानाला चकरा मारायला लावतात. पुढं येईल ती संघात. आमाला यात काही वावगं वाटायचं न्हाई. मला तर न्हाईच न्हाई.

यंदाच्या निवडीला आठवीतली ज्ञानेश्वरी आली. बारकुळी पोरगी, तोंडातून शब्द काढायची न्हाई. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात कोल्हापूरकडं, आन दर साली तीबी संगं जाती. त्यामुळं अर्धं वर्ष ती वर्गात दिसतच न्हाई. यावेळी तिच्या आईनं, दैवशालाकाकूनं, तिला साफ सांगितलेलं, संघात आलीस तर रहा इथं वसतिगृहात, न्हाई तर टोळीसंगं चल, आदूला कोण सांभाळील? आदू म्हणजे आदिनाथ, तिचा दीड वर्षाचा भाऊ. टोळीचा ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होता. म्हणजे तिचं जे काय व्हायचं ते त्याच दुपारी व्हायचं होतं.

चकरा झाल्या. मी पहिली आले, त्यात काय नवल. ज्ञानेश्वरी सगळ्यांच्या मागून आली, तीबी पळत न्हाई, आपली भराभर चालत.

"बाळा, तुझ्यात दम न्हाई," सर म्हणले. "पुढच्या साली बघू."

ती माघारी वळली. लिंबाखाली चपला काढल्या होत्या, त्या घालायला गेली. तेवढ्यात काकू आदूला घेऊन फाटकातून आत आली, लेकीला न्यायला.

हिकडं आमी दोन बाजू पाडून खेळायला लागलो होतो. रोहिणीचा पाय मुरगळला आन एक जागा रिकामी झाली. सरांनी हाळी दिली, "ए, जायच्या आधी जरा उभी रहा इथं, जागा भरायला." ज्ञानेश्वरीनं चपला परत काढल्या.

पहिला बॉल तिच्याकडं गेला आन मी सुटले. म्हणलं, आता हिसकून घेते आन हिला वाटंला लावते. मी पोचले तवा बॉल तिच्या पायाशी होता. मी पाय घातला तवा न्हवता. लांब गेला म्हणावं तर तसंबी न्हाई, तिथंच होता, तिच्या दुसऱ्या पायाच्या आतल्या अंगाला, मांजराच्या पिल्लागत चिकटून. मी थांबून वळेपर्यंत ती पुढं निघालेली, सावकाश, बाजारातून घरी निघाल्यासारखी. मी परत आडवी गेले. परत तेच. मग आमी तिघी तिच्या अंगावर गेलो, आन ती आमच्या मधून निघून गेली. कशी गेली ते मला आजबी सांगता येणार न्हाई.

ती बॉलकडं बघत न्हवती. कमरेच्या वरचं अंग हलतच न्हवतं, सगळा कारभार खालीच चाललेला. आन डावा हात कमरेपाशी वाकडा धरलेला, कोपर बाहेर, तो खांदा जरा वर. मला वाटलं, हिचा हात दुखावलाय.

सर मैदानात आले. "निकिता, पूर्ण जोर लाव," म्हणले. लावला की. खांदा घालून गेले, तर ती आधीच वळलेली, आन मी मुरमावर तोंडघशी पडले. गुडघा सोलला. मला राग लवकर येतो, सगळ्या शाळेला माहीत हाय, पण तवा आला न्हाई. मी तशीच पडून तिच्याकडं बघत राहिले. बॉल असाबी खेळता येतो हे मला कोणी सांगितलंच न्हवतं.

सरांनी शिट्टी मारली. "कुठं शिकलीस गं हे?"

"कोप्यांत," ती म्हणली. कोपी म्हणजे ऊसतोडवाल्यांची पाचटाची झोपडी. "तिकडची पोरं फुटबॉलपायी येडी हायेत, सर. एकानं त्याचा जुना बॉल दिला. पण कोप्यांच्या मधी जागाच न्हाई. हिकडं चूल, तिकडं बैल, मधी लेकरं झोपलेली. बॉल जरा लांब गेला की कोणाच्यातरी कालवणात पडतो."

"आन हात का असा धरतीस?"

"कसा?" तिनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. तिला खरंच ठाऊक न्हवतं.

"तिथं आदू असतो, सर," काकू मागून म्हणली. आमी सगळ्यांनी वळून बघितलं. "आमी दोघं दिवसभर उसाच्या फडात. हा हिच्या कडेवर. खाली ठेवला की रडतो. मी म्हणायचे, ही पोरगी दिवसभर करती तरी काय. हे करायली होती व्हय."

लेकरू कडेवर घेऊन पळणार कशी ती? हिसका बसला की ते जागं होणार. म्हणून सगळं खेळणं पायात उतरलं तिच्या. मी पळायला शिकले तवा माझे दोन्ही हात रिकामे होते.

"दम मी देतो हिला," सर हळूच म्हणले. "ते माझं काम. पण हे मला कोणाला शिकवता आलं नसतं. पोरगी ठेवा, ताई. संघात घेतलं तिला."

काकूनं आदूकडं बघितलं, मग लेकीकडं. "बांधावर झोळीत टाकीन ह्याला," ती म्हणली. "रडंल थोडे दिवस."

"उजव्या कडेवर घेऊ नको त्याला, आई," ज्ञानेश्वरी म्हणली. "तिकडं झोपत न्हाई तो."

पहाटे ट्रॅक्टर गेला. सकाळी ज्ञानेश्वरी मैदानावर आली, डोळे सुजलेले. आन बॉल तिच्या पायात राहीना. सुटायला लागला, बारक्या पोरींनीबी हिसकून नेला. सर लांबून बघायले.

मी जवळ गेले. "काय झालं गं?"

"हात हलका लागायलाय," ती म्हणली. "तोल जायलाय."

मला समजूत काढता येत न्हाई. मी लिंबाखाली गेले, माझं दप्तर उचललं, पुस्तकांनी गच्च भरलेलं, आन आणून तिच्या डाव्या कडेवर दिलं. "धर."

तिनं ते नीट सरकवून घेतलं. मग सवयीनं त्याला दोनदा थोपटलं.

"आता ये," मी म्हणले, आन होता न्हवता तेवढा जोर लावून तिच्यावर सुटले.

बॉल मला मिळाला न्हाई.