चोर सोडून वाऱ्याला फाशी

कोशावा वारा सुटला की डॅन्यूबकाठच्या त्या गावात घरोघरी एकच धांदल उडायची. खिडक्यांच्या फटींत चिंध्या, उंबऱ्याशी घडी घातलेली घोंगडी आणि माणसांच्या कानांत कापूस! दारा-खिडकीतून आरपार जाणाऱ्या झोताला तिथे 'प्रोमाया' म्हणत आणि पटकीला भिणार नाहीत इतके तिला भीत. मान आखडली? प्रोमाया. दात ठणकला? प्रोमाया. सुनेला मूल होत नाही? बसली असेल कधीतरी प्रोमायात! गोष्ट पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची, युगोस्लाव्हियातली आहे. पण वाचकहो, हसण्याची घाई करू नका. अशी एखादी प्रोमाया आपल्याही घरात सापडेल.

यागोदाच्या घरी ही चिंध्यांची मोहीम सासूबाईंच्या, म्हणजे रादोसावाबाईंच्या हाती असे. यागोदाचा नवरा व्हिएन्नात बांधकामावर होता. ती स्वतः बेकरीत पहाटेपासून दुपारपर्यंत राबायची. आठ वर्षांची इस्क्रा शाळेतून आली की आजीबरोबर स्वयंपाकघरातच असायची, कारण घर उबवणारी एकुलती लोखंडी चूल तिथे होती.

त्या हिवाळ्यात इस्क्राचं डोकं रोज दुखायला लागलं. आजीनं कच्च्या बटाट्याच्या चकत्या तिच्या कपाळावर बांधल्या, मोज्यांत राकिया नावाची कडक दारू शिंपडून पायांत चढवले आणि खिडक्यांत आणखी चिंध्या कोंबल्या.

"आजी, मला एक सांग," इस्क्रा जेवताना म्हणाली. "अंगणात एवढा वारा असतो, तिथे माझं डोकं दुखायचं थांबतं. आत आलं की परत दुखतं. असं का?"

"तोंड मिटून सूप पी! बोलताना गार हवा पोटात जाते."

"पण आई, असं का?"

यागोदाचे खांदे दिवसभर पीठ मळून भरून आले होते. "किती गं प्रश्न तुझे! आजी सांगते ते ऐक," ती खेकसली. पोरगी मुकाट्यानं सूप प्यायली. त्या घरातला एकमेव शहाणा प्रश्न अशा रीतीनं दोघींनी मिळून गप्प केला.

दुसऱ्या दिवशी कोशावा इतका माजला की धुराड्यातला धूर उलटा घरात यायला लागला. यागोदा दुपारी परतली तेव्हा स्वयंपाकघराची हवा जड झाली होती. सासूबाई खुर्चीत डोकं धरून बसल्या होत्या. इस्क्रा बाकावर निजली होती. यागोदानं हाक मारली, हलवलं, गालावर चापट मारली. पोर उठेना! मान एका बाजूला लुळी पडली होती.

यागोदानं तिला उचललं आणि दार लाथेनं उघडून अंगणात धाव घेतली.

"अगं ए, वाऱ्यात काय नेतेस तिला!" रादोसावाबाई घोंगडी घेऊन धडपडत मागे आल्या. "मारशील माझ्या नातीला! आत आण!"

"खबरदार आत नेलंत तर!" कुंपणापलीकडून कोसाराबाई ओरडल्या. त्या इस्क्राच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी आत शिरून चूल पाहिली, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आपल्या भावाला मोटार काढायला लावली. चुलीमागच्या झरोक्यात त्यांना लोकरीचा एक जुना पायमोजा घट्ट कोंबलेला दिसला. तो रादोसावाबाईंचा होता.

इस्पितळात इस्क्राला प्राणवायू लावला. बाहेरच्या बाकावर तिघी वाट पाहत बसल्या. कुणी तरी खिडकी उघडी ठेवली होती, ती लावायला रादोसावाबाई उठल्या. झालं! यागोदाचा बांध फुटला.

"बसा खाली! अजून पुरे झालं नाही तुमचं? तुमच्या त्या प्रोमायापायी माझी मुलगी आत पडलीय!"

"मी तिच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी? चूल कोंडलीत तुम्ही, आई! पोरीला धुरी दिलीत!"

"रादोसावाबाई," कोसाराबाई म्हणाल्या, "चुलीलाही हवा लागते. पुरेशी मिळाली नाही तर लाकूड अर्धवट जळतं आणि विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. आधी डोकं दुखतं, मग झोप येते आणि मग माणूस उठत नाही. पोरीच्या डोक्याला वारा बाधत नव्हता. तुम्ही अडवलात तो वाराच तिला वाचवत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत!"

"तुम्हाला काय कळणार!" रादोसावाबाई ओरडल्या. "माझा थोरला, मिलेन्को, प्रोमायानं गेला! महायुद्धाआधी. दोन वर्षांचा होता. मी खिडकी उघडी ठेवली होती. माझ्या सासूनं त्याच्या शवपेटीपाशी सगळ्या गावादेखत सांगितलं, हिनं मारलं त्याला!"

यागोदानं ही गोष्ट कधीच ऐकली नव्हती.

"काय होत होतं त्याला?" कोसाराबाईंनी विचारलं.

"घसा धरला होता. आत पांढरा पापुद्रा आला होता. श्वास घेता येईना. त्याच आठवड्यात शेजारच्या दोन घरांतली पोरंही तशीच गेली."

"त्या दोन घरांतल्या खिडक्याही उघड्या होत्या का?"

रादोसावाबाईंनी आठवून पाहिलं. "नाही," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांच्याकडे तर खिळे ठोकून बंद केल्या होत्या."

"घटसर्प होता तो, बाई. एका पोराचा दुसऱ्याला लागतो. तुमच्या खिडकीचा काही दोष नव्हता. तुमचाही नव्हता."

"तीस वर्षं!" रादोसावाबाईंनी कपाळावर हात मारला. "तीस वर्षांत मला हा एवढा साधा प्रश्न कुणी विचारला नाही!" आणि त्या ओक्साबोक्शी रडू लागल्या. यागोदा त्यांच्याजवळ सरकली. तिच्या मनात संताप अजून उसळत होता, पण आता तो त्या शवपेटीपाशी गप्प उभ्या राहिलेल्या सगळ्या गावावर होता. एकालाही तोंड उघडता आलं नसतं का?

संध्याकाळी इस्क्रानं डोळे उघडले. आजीला पाहून ती घाबरीघुबरी म्हणाली, "आजी, माझं डोकं दुखत नाही. पण का दुखत नाही ते मी विचारणार नाही."

यागोदानं तिला जवळ घेतलं. "विचार गं माझ्या बाई," ती म्हणाली. "हजारदा विचार!"

रादोसावाबाई उठल्या. कोपऱ्यातल्या खिडकीशी गेल्या, क्षणभर थबकल्या आणि त्यांनी ती सताड उघडली. कोशावा आत घुसला. त्यांच्या डोक्यावरचा रुमाल उडाला, पण त्यांनी तो धरला नाही.

वाचकहो, नुसत्या वाऱ्यानं त्या घराचं काही वाकडं झालं नसतं. स्वतः प्रश्न न विचारणाऱ्यांनी आणि पोरांना 'गप्प बस' म्हणणाऱ्यांनी मात्र एका आईला तीस वर्षं जाळलं आणि एका पोरीला मरणाच्या दारात नेलं. उद्या तुमच्या घरातलं पोर 'असं का?' म्हणेल, तेव्हा उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि त्याच्याबरोबर शोधा. पण त्याच्या तोंडात चिंधी कोंबू नका!